महामहम २०२८: कुंभकोणमला जाणाऱ्यांनी काय पाहावे आणि केव्हा पाहावे

गुरू सिंह राशीत प्रवेश करतो तेव्हा महाराष्ट्राचे लक्ष नाशिक आणि त्र्यंबकेश्वरकडे लागते. जाहीर कार्यक्रमानुसार ३१ ऑक्टोबर २०२६ चे ध्वजारोहण आणि ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मधील अमृतस्नाने हे या सिंहस्थाचे मुख्य टप्पे आहेत. याच योगावर तामिळनाडूतील कुंभकोणम या कावेरीकाठच्या नगरीतही बारा वर्षांनी एक स्नानपर्व भरते, याची माहिती मात्र मराठी भाविकांपैकी फार थोड्यांना असते. या पर्वाला महामहम असे म्हणतात. यापूर्वीचे महामहम २२ फेब्रुवारी २०१६ रोजी झाले. पुढचे २०२८ मध्ये, मासी या तमिळ महिन्यात, म्हणजे फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंतच्या काळात, पौर्णिमा आणि मघा नक्षत्र यांच्या योगावर येईल.

नाशिकचे पर्व वर्षभराहून अधिक काळ चालते. महामहमचे मुख्य स्नान मात्र एका दिवसाचे, आणि तेही नदीत नव्हे, तर शहराच्या मध्यभागी असलेल्या एका तलावात होते. २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे १ लाख ४० हजार लोकवस्ती असलेल्या या गावात त्या दिवशी गावाच्या वस्तीच्या कित्येक पट माणसे उतरतात. त्यामुळे कुंभकोणमला जाऊन काय पाहावे, या वरवर साध्या वाटणाऱ्या प्रश्नाला एक गंभीर बाजू आहे. केव्हा जावे आणि कोणत्या वाटेने जावे, या प्रश्नांपासून ती वेगळी काढता येत नाही.

प्रथम त्या तलावाविषयी. महामहम तलावाचे क्षेत्रफळ सुमारे सहा एकर आहे. त्याच्या चारही बाजूंना दगडी पायऱ्या असून काठावर १६ मंडप आहेत. तंजावरच्या नायक राजांचा मंत्री गोविंद दीक्षित याने सोळाव्या-सतराव्या शतकाच्या संधिकाळात ते बांधविले. तलावाच्या तळाशी २० विहिरी असून प्रत्येकीला एका तीर्थाचे नाव आहे. उत्तर काठावरच्या काशीविश्वनाथाच्या मंदिरात नऊ नद्यांच्या मूर्ती आहेत. गंगा, यमुना, नर्मदा यांच्या पंक्तीत आपली गोदावरीही आहे. भाविकांनी धुऊन टाकलेली पापे आपल्या माथी साचली, ती फेडण्यासाठी या नऊ जणी बारा वर्षांनी येथे स्नानाला येतात, अशी स्थलपुराणातील कथा आहे. सिंहस्थात सर्व तीर्थे गोदावरीला भेटायला येतात, असे नाशिककर सांगतात. त्याच योगावर गोदावरी स्वतः कावेरीकाठी गेलेली असते, असे कुंभकोणमकर सांगतात. दोन्ही गावांच्या पुरोहितांनी याचा निवाडा आपसात करावा.

आता थोडे अंकगणित. सहा एकर म्हणजे सुमारे २४ ते २५ हजार चौरस मीटर. स्नान करणाऱ्या प्रत्येकाला एक चौरस मीटर जागा धरली तर एका वेळी २५ हजार माणसे पाण्यात उभी राहू शकतील. पाण्याची पातळी मुद्दाम कमी ठेवली जाते, त्यामुळे बुडण्याचे भय फारसे राहत नाही. प्रत्येकाला दहा मिनिटे दिली तरी तासाला दीड लाख माणसांचे स्नान होऊ शकते. कागदावर हे गणित सुटते. प्रत्यक्षात ते सुटत नाही, कारण अडचण पाण्यात नसून पाण्याकडे येणाऱ्या आणि पाण्यातून परतणाऱ्या वाटांमध्ये आहे. तलावाला लागून रस्ते आहेत, रस्त्यांना लागून घरे, दुकाने, धर्मशाळा आणि मंदिरे आहेत. ठराविक मुहूर्तावर सर्वांनाच पायऱ्या गाठायच्या असतात, आणि त्याच वेळी ओल्या कपड्यांनी परतणाऱ्यांचा लोंढा समोरून येत असतो.

१८ फेब्रुवारी १९९२ रोजी नेमके हेच घडले. तत्कालीन मुख्यमंत्री जयललिता त्या दिवशी स्नानासाठी आल्या होत्या. त्यांना पाहण्यासाठी गर्दी एका बाजूला लोटली, तलावाजवळच्या एका इमारतीची लोखंडी जाळी कोसळली आणि चेंगराचेंगरीत सुमारे ५० जणांचा मृत्यू झाला. महामहमचे नाव देशभर पोहोचले ते या दुर्घटनेमुळे, ही खेदाची गोष्ट म्हटली पाहिजे.

मराठी वाचकाला या घटनाक्रमात काही अनोळखी वाटणार नाही. २७ ऑगस्ट २००३ रोजी नाशिकला रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर ३९ भाविक चिरडून मरण पावले. २५ जानेवारी २००५ रोजी वाईजवळ मांढरदेवीच्या यात्रेत, दोन्ही बाजूंनी दुकानांनी वेढलेल्या चढाच्या वाटेवर, जवळपास ३०० जणांचे बळी गेले. प्रयागराजला २९ जानेवारी २०२५ रोजी मौनी अमावास्येच्या पहाटे ३० जणांचा मृत्यू झाल्याचे प्रशासनाने जाहीर केले. त्याच वर्षी २७ सप्टेंबरला तामिळनाडूतीलच करूर येथे एका राजकीय सभेत ४१ जण दगावले. तेथे तीर्थही नव्हते आणि मुहूर्तही नव्हता. ठिकाणे वेगळी, निमित्ते वेगळी, परंतु कारणांची यादी जवळजवळ एकच आहे. मर्यादित जागा, मर्यादित वेळ, जाण्याची आणि येण्याची वाट एकच, आणि मोठ्या व्यक्तीच्या आगमनाने किंवा एखाद्या अफवेने गर्दीचा बदललेला रोख.

१९९२ नंतर तामिळनाडू प्रशासनाने धडा घेतला, असे म्हणावयास जागा आहे. २०१६ चे महामहम हा दहा दिवसांचा उत्सव म्हणून चालविण्यात आले. १३ फेब्रुवारीपासून कोणत्याही दिवशी केलेले स्नान सारखेच पुण्यप्रद आहे, हे लोकांच्या मनावर बिंबविण्याचा प्रयत्न झाला. लाखो भाविकांनी मुख्य दिवसाच्या आधीच स्नान उरकले आणि मोठी दुर्घटना न होता पर्व पार पडले. नाशिकनेही २००३ नंतर असाच विचार केला आणि २०१५ मध्ये मिरवणुकीसाठी अधिक रुंद, पर्यायी मार्ग काढला. एका ठिकाणी गर्दी काळात पसरविली गेली, दुसऱ्या ठिकाणी जागेत. २०२८ मध्ये कुंभकोणमला या दोन्ही उपायांची गरज पडणार आहे, आणि यात्रेकरूंना गावाची पुरेशी ओळख असल्याखेरीज जागेत गर्दी पसरविण्याचा उपाय साधत नाही. ज्याला कुंभकोणममध्ये केवळ एक तलाव आहे एवढेच ठाऊक, तो तलावाकडेच धावणार.

म्हणून जाणाऱ्यांना पहिली सूचना अशी की, केवळ गाव पाहायचे असेल तर महामहमच्या मुख्य दिवशी जाऊ नये. डिसेंबर ते फेब्रुवारीचा पूर्वार्ध हा सर्वांत सोयीचा काळ. ऑक्टोबरपासून डिसेंबरच्या आरंभापर्यंत ईशान्य मोसमी पावसाचा मुक्काम असतो. मार्चनंतर ऊन असह्य होत जाते. कावेरी भरून वाहताना पाहायची असेल तर निराळे गणित मांडावे लागते. मेट्टूर धरणातून प्रथेप्रमाणे १२ जूनला पाणी सोडले जाते आणि २८ जानेवारीला ते बंद होते. साहजिकच महामहमच्या सुमारास नदीचे पात्र बरेचसे कोरडे असते. आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी, म्हणजे ऑगस्टच्या आरंभी, कावेरीची पूजा करण्यासाठी घाटाघाटांवर बायकांची गर्दी होते. नदी पाहावी ती तेव्हा.

दुसरी सूचना वेळेविषयी. तामिळनाडूतील बहुतेक मंदिरे दुपारी साधारण बारा ते चार बंद असतात. महाराष्ट्रातून गेलेली मंडळी सकाळी निवांत न्याहारी करून साडेअकराला मंदिराच्या दारात पोहोचतात आणि मग सहलीचा अर्धा दिवस वाया गेल्याची तक्रार करतात. येथे दिवस पहाटे सहाला सुरू करावा. तलावाच्या पायऱ्यांवर त्या वेळी गावातली नेहमीची माणसे असतात, मंडपांची शिखरे पाण्यात उमटलेली असतात आणि सहा एकरांचे ते पाणी किती मोठे आणि किती लहान आहे, हे एका नजरेत समजते.

तलावापासून पायी जाण्याच्या अंतरात चार-पाच मोठी मंदिरे आहेत. आदी कुंभेश्वराच्या मंदिरावरून गावाला नाव मिळाले. प्रलयात वाहत आलेला अमृतकुंभ शंकराने बाण मारून येथे फोडला, अशी कथा आहे. शारंगपाणीचे मंदिर वैष्णवांच्या १०८ दिव्य क्षेत्रांपैकी एक असून त्याचे अकरा मजली गोपुर दीडशे फुटांहून उंच आहे. गर्भगृह रथाच्या आकाराचे आहे. आळवारांच्या पदांचा विस्मृतीत गेलेला संग्रह नाथमुनींना पुन्हा मिळाला तो याच देवावरची पदे कानी पडल्यामुळे, असे वैष्णव परंपरा मानते. रामस्वामी मंदिर नायक काळातले आहे. त्याच्या मंडपातील खांबांवर कोरलेल्या मूर्ती आणि प्रदक्षिणेच्या भिंतींवर रंगविलेले संपूर्ण रामायण पाहण्यास एक तास पुरत नाही.

तथापि एकच मंदिर पाहण्याइतका वेळ असेल तर नागेश्वराचे पाहावे, असे आमचे मत आहे. ते आकाराने मोठे नाही आणि प्रवासी कंपन्यांच्या यादीत ते क्वचितच असते. नवव्या शतकाच्या अखेरीस, चोळांच्या उदयकाळात ते बांधले गेले. त्याच्या गाभाऱ्याबाहेरील कोनाड्यांत स्त्री-पुरुषांच्या जवळजवळ पूर्णाकृती उभ्या आहेत. त्या देवांच्या आहेत, राजघराण्यातील व्यक्तींच्या आहेत की दात्यांच्या, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. दोनशे वर्षांनंतरच्या चोळ शिल्पांतील डौल त्यांच्यात अजून आलेला नाही. समोर कोणी आले म्हणून काम थांबवून उभी राहिलेली माणसे दिसावीत, तशा त्या दिसतात. चित्तिरै महिन्यात, एप्रिल-मेच्या सुमारास, काही दिवस सूर्यकिरण थेट लिंगावर पडतात. तेवढ्यापुरती येथे गर्दी होते.

दुपारच्या बंद वेळेचा उपयोग शारंगपाणी मंदिरासमोरच्या रस्त्यावरील एका साध्या घरासाठी करावा. गणितज्ञ श्रीनिवास रामानुजन यांचे बालपण आणि तारुण्य या घरात गेले. जन्म इरोडचा, २२ डिसेंबर १८८७ चा. परंतु शाळा कुंभकोणमची आणि पहिले महाविद्यालयही येथलेच. १८५४ मध्ये स्थापन झालेल्या या शासकीय महाविद्यालयाला दक्षिणेचे केंब्रिज म्हणत. त्याच महाविद्यालयात गणिताखेरीज इतर विषयांत अनुत्तीर्ण झाल्याने रामानुजन यांची शिष्यवृत्ती गेली, आणि पुढे खरे केंब्रिज त्यांना बोलावून घेऊन गेले. शास्त्र विद्यापीठाने हे घर जतन केले असून २००३ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी ते राष्ट्राला अर्पण केले. ओसरी, लहानशी खोली, खिडकी आणि एक खाट, इतकेच तेथे आहे. पाहण्यास दहा मिनिटे लागतात.

जवळच डिग्री कॉफी मिळते. हा शब्द विद्यापीठाच्या पदवीवरून आलेला नाही. दुधाची शुद्धता मोजण्याच्या उपकरणावरील अंश म्हणजे डिग्री, आणि पाणी न घातलेल्या दुधाची ती डिग्री कॉफी, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. चिकोरी या शब्दाचा हा अपभ्रंश आहे, असे दुसरे. चेन्नईच्या महामार्गावर पावलोपावली कुंभकोणम डिग्री कॉफीच्या पाट्या दिसतात. पितळी वाटी आणि पेला मिळाला म्हणून ती कुंभकोणमची होत नाही, एवढे सांगून हा विषय संपवितो.

गावापासून चार किलोमीटरवर असलेल्या दारासुरम येथील ऐरावतेश्वर मंदिराकडे मात्र सबंध सकाळ द्यावी. बाराव्या शतकात दुसरा राजराज चोळ याने ते बांधविले. तंजावरचे बृहदीश्वर मंदिर १९८७ मध्ये जागतिक वारसा यादीत आले. दारासुरम आणि गंगैकोंडचोळपुरम येथील मंदिरांचा त्यात २००४ मध्ये समावेश झाला. तंजावरला गेलेल्याला प्रथम उंची जाणवते. दारासुरमला डोळे जमिनीकडे आणि भिंतीच्या पायाकडे न्यावे लागतात. पुढचा मंडप घोडे जुंपलेल्या रथासारखा असून त्याची दगडी चाके आऱ्यांसह कोरलेली आहेत. मुख्य मंदिराच्या तळपट्टीवर हातभर उंचीच्या चौकटींत ६३ नायन्मार संतांच्या जीवनकथा ओळीने मांडल्या आहेत. यांत राजा आहे, कुंभार आहे, कोळी आहे, धोबी आहे. मराठी संतमंडळाशी ज्याचा परिचय आहे, त्याला ही सभा परकी वाटणार नाही. हत्ती आणि बैल यांना एकच डोके देऊन केलेले शिल्पही येथे आहे. मुले ते मोठ्यांच्या आधी ओळखतात. बलिपीठाच्या पायऱ्यांवर आघात केल्यास स्वर उमटतात, अशी त्यांची ख्याती असून आता त्यांना जाळी लावण्यात आली आहे. येथील काही उत्कृष्ट मूर्ती, विशेषतः भिक्षाटनमूर्ती आणि ऋषिपत्नींचा समूह, तंजावरच्या राजवाड्यातील कलादालनात हलविण्यात आल्या आहेत. तंजावरला जाणाऱ्यांनी त्या तेथे पाहाव्यात.

गंगैकोंडचोळपुरम कोळ्ळिडम नदीच्या पलीकडे, अरियलूर जिल्ह्यात, सुमारे ३५ किलोमीटरवर आहे. राजेंद्र चोळाच्या आग्नेय आशियातील सागरी मोहिमेच्या सहस्राब्दीनिमित्त पंतप्रधान नरेंद्र मोदी २७ जुलै २०२५ रोजी येथे आले होते. त्यानंतर या स्थानाचे नाव हिंदी आणि मराठी वृत्तपत्रांतही ठळकपणे आले. (चोळ, कोळ्ळिडम, तमिळ या नावांतील अक्षरे देवनागरीत बसविताना अनुवादकाची नेहमी ओढाताण होते, इंग्रजी वर्तणीवरून लिहिले की चोळांचे चोल होतात. मराठीला ळ लाभला आहे, तो वापरावा.)

असे असूनही कुंभकोणमला येणाऱ्या बाहेरच्या प्रवाशांपैकी फार मोठा भाग यातील काहीच पाहत नाही. तो नवग्रहांसाठी येतो. सूर्यनारकोविल, तिंगळूर, वैत्तीश्वरन् कोविल, तिरुवेंकाडू, आलंगुडी, कंजनूर, तिरुनळ्ळारू, तिरुनागेश्वरम आणि कीळपेरुंपळ्ळम अशी ही नऊ मंदिरे कुंभकोणमच्या भोवती विखुरलेली आहेत. शनीचे तिरुनळ्ळारू तर पुदुच्चेरी केंद्रशासित प्रदेशाच्या कारैकल जिल्ह्यात येते. राज्य परिवहन महामंडळाने २०२४ मध्ये कुंभकोणमहून एका दिवसात नवग्रह दर्शन घडविणारी बससेवा सुरू केली. सामान्य कुटुंबाला भाड्याची मोटार परवडत नाही, त्या दृष्टीने ही सोय स्वागतार्ह आहे. श्रद्धेचा विषय ज्याचा त्याचा. परंतु नऊ मंदिरे एका दिवसात करणारा प्रवासी प्रत्येक ठिकाणी जेमतेम अर्धा तास थांबतो. पहाटेच्या काळोखात गाव सोडतो, रात्री परततो, आणि कुंभकोणम त्याच्या दृष्टीने केवळ मुक्कामाचे हॉटेल ठरते. जमल्यास दोन दिवस करावेत. वाटेवरची गावे, केळीच्या बागा, विड्याच्या पानांचे मांडव दिसतील. कुंभकोणमच्या विड्याच्या पानाला २०२५ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

स्वामीमलै येथे मुरुगनच्या सहा प्रमुख स्थानांपैकी एक आहे. देवदर्शनानंतर पायऱ्या उतरून स्थपतींच्या कार्यशाळांत अवश्य जावे. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीत जी-२० शिखर परिषद झाली तेव्हा भारत मंडपमसमोर उभी राहिलेली २७ फुटी अष्टधातूची नटराजमूर्ती याच गावात घडली. मेणाची मूर्ती करायची, तिच्यावर कावेरीच्या गाळाच्या मातीचे थर द्यायचे, उष्णतेने मेण वितळवून काढायचे आणि त्या पोकळीत रस ओतायचा, ही चोळकालीन पद्धत अजूनही तशीच चालू आहे. साचा मूर्तीगणिक मोडावा लागतो, म्हणून कोणत्याही दोन मूर्ती तंतोतंत सारख्या नसतात. गाळाची माती ही या धंद्याची खरी ठेव आहे, आणि ती नदी वाहती राहण्यावर अवलंबून आहे. तिरुभुवनमच्या रेशमी साड्या, नाच्चियारकोविलच्या पितळी समया यांची गावेही याच परिसरात आहेत. दुकानात जाण्यापूर्वी माग किंवा भट्टी पाहावी. किंमत का लागते हे कळते.

मराठी माणसासाठी या परिसरात आणखी एक माग आहे. छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी राजे यांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावर घेतले आणि १८५५ पर्यंत तेथे भोसल्यांची गादी राहिली. कुंभकोणम या राज्यातले महत्त्वाचे नगर होते. व्यंकोजींचे पुत्र शहाजी राजे यांनी १६९३ मध्ये कुंभकोणमजवळच्या तिरुविशनल्लूर या गावी ४६ विद्वानांना जमिनी देऊन वसविले आणि त्या गावाला शहाजीराजपुरम असे नाव पडले. संस्कृत व्याकरण, नाट्य, वेदांत यांवर तेथे पुढे पिढ्यान्पिढ्या ग्रंथरचना झाली. खुद्द शहाजी राजे तेलुगू आणि मराठीत नाटके लिहीत. सांगलीच्या १८४३ च्या प्रयोगापासून मराठी रंगभूमीचा इतिहास सुरू करणाऱ्यांनी या दीडशे वर्षे जुन्या तंजावरी नाटकांचा हिशोब कसा लावायचा, हा वाद अभ्यासकांत आहेच. आज तिरुविशनल्लूर ओळखले जाते ते श्रीधर अय्यावाळ यांच्या घरातील विहिरीमुळे. तीत कार्तिक अमावास्येला गंगा प्रकटते, अशी श्रद्धा आहे.

तिरुविडैमरुदूरच्या महालिंगस्वामी मंदिरात हातात दिवा धरलेल्या स्त्रीची एक धातूमूर्ती आहे. तंजावरचे प्रतापसिंह राजे यांच्याशी विवाह व्हावा म्हणून अम्मुणू अम्मणी नावाच्या राजकुळातील मुलीने लक्ष दिव्यांचा नवस केला. इच्छा पुरी झाली आणि त्या लक्ष दिव्यांतील एक म्हणून तिने स्वतःचीच मूर्ती देवापुढे उभी केली. मूर्तीचा पेहराव आणि दागिने पाहताना मराठी नजर क्षणभर थबकते. जवळच्या गोविंदपुरमला बोधेंद्र स्वामींची समाधी आहे आणि २०११ मध्ये प्रतिष्ठापना झालेले विठ्ठल-रुक्मिणीचे भव्य मंदिर आहे. तमिळ उच्चारांत गायले जाणारे मराठी अभंग तेथे ऐकावयास मिळतात. हा परिणाम अलीकडचा नाही. मराठा राजवटीत महाराष्ट्रातून गेलेल्या रामदासी आणि इतर कीर्तनकारांमुळे तंजावर भागात हरिकथा आणि भजनाची पद्धत रुजली, ती पुढे कर्नाटक संगीताच्या मैफलीपर्यंत पोहोचली. पुढे ४० किलोमीटरवर तंजावरला सरस्वती महाल ग्रंथालय, तेथील मोडी कागदपत्रे आणि बृहदीश्वराच्या भिंतीवरील १८०३ चा भोसले वंशाचा प्रदीर्घ मराठी शिलालेख आहे. त्याविषयी मराठीत बरेच लिहिले गेले असल्याने येथे विस्तार करीत नाही.

पर्यटन पुस्तिकांत नसलेले एक ठिकाणही या गावात आहे. १६ जुलै २००४ रोजी कुंभकोणममधील एका खासगी शाळेत स्वयंपाकघरातील आग गवताच्या छपराला लागली आणि ९४ बालके होरपळून मरण पावली. दारासुरमचे मंदिर जागतिक वारसा यादीत आल्याची वार्ता त्याच महिन्याच्या आरंभी आली होती, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये महामहमही झाले होते. कोंदट इमारत, दाटीवाटीने बसविलेली मुले, बाहेर पडण्यास अरुंद जिना, असे चित्र चौकशीत पुढे आले. तंजावरच्या न्यायालयाने दहा वर्षांनी, २०१४ मध्ये, दहा जणांना दोषी ठरविले. देशभरातील शाळांच्या अग्निसुरक्षेचे नियम कडक होण्यास ही दुर्घटना कारणीभूत ठरली. मुलांचे स्मारक गावात आहे. दर वर्षी १६ जुलैला पालक तेथे दिवे लावतात. पाहुण्याने तेथे जावेच असे नाही. परंतु या गावाला गर्दी आणि अरुंद वाट यांचा अर्थ कोणी समजावून सांगण्याची गरज का नाही, हे ठाऊक असलेले बरे.

प्रश्न उरतो तो व्यवस्थेचा. १८६६ मध्ये नगरपालिका झालेले कुंभकोणम २०२१ मध्ये महानगरपालिका झाले. शेजारचे मयिलाडुतुरै २०२० मध्ये स्वतंत्र जिल्हा झाले. कुंभकोणमच्या स्वतंत्र जिल्ह्याची मागणी मात्र अनेक वर्षे होत आली असून ती निवडणुकांच्या काळात विशेष ऐकू येते. विक्रवांडी-कुंभकोणम-तंजावर रस्त्याच्या चौपदरीकरणाचे काम वर्षानुवर्षे लांबले. विळुप्पुरमहून मयिलाडुतुरैमार्गे तंजावरला जाणाऱ्या जुन्या लोहमार्गाच्या दुहेरीकरणाची मागणीही जुनी आहे. पर्वकाळात जादा गाड्या सोडल्या तरी एकेरी मार्गावर किती गाड्या धावू शकतील, याला मर्यादा आहे. गर्दी स्थानकावर आणि बसतळावर अडकली की तलावाभोवतीचे उत्तम नियोजनही कोलमडते.

यात्रेकरूंना दारासुरम, स्वामीमलै, तिरुविडैमरुदूर येथे वाहनतळ, निवास आणि स्नानगृहे मिळाली, तेथून तलावापर्यंत ठराविक अंतराने बसगाड्या सोडल्या, आणि तलावाकडे येण्याचा व परतण्याचा मार्ग वेगळा ठेवला, तर त्या एका दिवसाचे ओझे पुष्कळ हलके होईल. परंपरेनुसार महामहम तलावानंतर कुंभेश्वर मंदिराच्या पोट्रामरै पुष्करिणीत आणि शेवटी कावेरीत स्नान करावयाचे असते. म्हणजे माणसांना तलावापासून पुढे, एकाच दिशेने नेणारा क्रम शास्त्रातच घालून दिलेला आहे. प्रशासनाने तो रस्त्यांवर आखावा. अतिविशिष्ट व्यक्तींनी मुख्य दिवशी येऊ नये, हा संकेत १९९२ नंतर खरे तर लेखी नियम व्हावयास हवा होता.

महाराष्ट्रातून जाणाऱ्यांना विमानाने तिरुचिरापल्ली आणि तेथून सुमारे ९० किलोमीटर रस्ता, किंवा चेन्नईहून एळुंबूर स्थानकावरून रात्रीची रेल्वे, हे दोन मार्ग सोयीचे आहेत. नाशिकच्या अमृतस्नानांनंतर महामहमचेही पुण्य जोडावे, असा विचार करणाऱ्यांनी २०२८ चा उत्सव कार्यक्रम जाहीर होताच त्यातील पहिल्या तीन-चार दिवसांपैकी एक दिवस स्नानासाठी निवडावा, ज्येष्ठ मंडळी आणि लहान मुले बरोबर असतील तर मुक्काम तंजावरला करावा आणि पहाटेच्या गाडीने कुंभकोणम गाठावे. मुख्य दिवस उजाडेल तेव्हा त्यांनी दारासुरमला नायन्मारांच्या चौकटी मोजत बसलेले असावे.